कॅलमॅगची बाटली, डोलोमाइटची गोण की चुलीतली राख? कोकणातल्या झाडांना काय द्यावं

सड्यावरची_बाग (रत्नागिरी)

उन्हाळा तापला की एकच प्रश्न कानावर येतो. मिरचीची पानं पिवळी पडतायत, टोमॅटोचं बूड काळं पडतंय, कुठलं कॅलमॅग घेऊ? उत्तरादाखल लगेच बाटल्यांचे फोटो येतात. माझं मत सरळ सांगतो. कोकणात जमिनीत बाग करणाऱ्याला ही बाटली लागत नाही, आणि कुंडीवाल्यानेही आपलं पाणी आणि माती ओळखल्याशिवाय ती घेऊ नये.

कॅल्शियम-मॅग्नेशियमचं हे तयार द्रावण परदेशात बंद खोलीत, दिव्यांखाली गांजा वाढवणाऱ्यांमध्ये फार चालतं. त्यांचं पाणी आरओचं, म्हणजे क्षार जवळजवळ नाहीतच. मुळं कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात. झाडाची वाढ झपाट्याची. अशा ठिकाणी दोन्ही द्रव्यं बाहेरून द्यावीच लागतात, त्यात वाद नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय ती लागवड १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय इथे नको. पण त्या झाडासाठी, त्या पाण्यासाठी बांधलेला डोसचा तक्ता आपण मिरचीला, जास्वंदीला जसाच्या तसा लावतो, त्याला माझी हरकत आहे.

आधी पान बघा. मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरतं. कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. कॅल्शियम एकदा जिथे बसलं तिथून हलत नाही, म्हणून त्याची खूण कोवळ्या शेंड्यावर आणि फळाच्या बुडाशी दिसते. खालचं पान पिवळं असताना कॅल्शियम ओतलं तर आजार तसाच राहतो. उलट जास्तीचं कॅल्शियम मॅग्नेशियमची वाट अडवतं.

आता आपली जमीन. जांभ्याची माती मुळातच धुऊन निघालेली. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम खाली वाहून जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. माती आम्ल होते. तिथे पावशेर औषध पाण्यात कालवून काय होणार? तिथे डोलोमाइटची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीसारख्या दगडाची, पूड हवी. शुद्ध डोलोमाइटमध्ये साधारण २२ टक्के कॅल्शियम आणि १३ टक्के मॅग्नेशियम असतं, शिवाय आम्लता कमी होते. कुठलाही बागायतदार खताच्या दुकानात ते गोणीने घेऊ शकतो.

बाटलीत तरी काय असतं? बहुतेकींमध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियमचं एखादं क्षार, वर थोडं लोह. म्हणजे तुम्ही नत्रही (नायट्रोजन) देताय. फुलोऱ्यावर आलेल्या मिरचीला नत्राचा मारा केला की झाड पानांनी डवरतं आणि फूल गळतं. नत्र किती ते बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण.

गच्चीवरची_मिरची (चिपळूण)

दादा, तुमचं सगळं जमिनीवाल्यांसाठी खरं आहे. पण कोकणात आता फ्लॅटही आहेत. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मातीच्या कुंड्या ठेवू देत नाहीत, स्लॅबवर वजन येतं म्हणून. चौथ्या मजल्यावर माती चढवायची कोणी? मी सगळं कोकोपीटमध्येच लावते.

कोकोपीटचं गणित वेगळं आहे. नारळाच्या काथ्यात पोटॅशियम आणि सोडियम धरून बसलेलं असतं. तुम्ही कॅल्शियम दिलं की काथ्या ते स्वतःकडे ओढून घेतो आणि पोटॅशियम-सोडियम पाण्यात सोडतो. झाडाच्या वाट्याला कॅल्शियम येतं ते त्याचं पोट भरल्यावर. म्हणजे परदेशी खोलीतली जी स्थिती तुम्ही सांगितलीत, ती माझ्या गच्चीवर आहेच, फक्त झाड वेगळं. मग बाटली चुकीची कशी?

डोलोमाइट मातीत मुरायला महिने लागतात. माझी मिरची तोवर संपलेली असते. शिवाय पाच-पंचवीस कुंड्यांसाठी आख्खी गोण आणून ठेवू कुठे?

सड्यावरची_बाग

ताई, कोकोपीटसाठी कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं हे मान्य. माझा वाद बाटलीशी आहे. तीच दोन द्रव्यं सुटी घ्या: कॅल्शियम नायट्रेट, ज्यात साधारण १५.५ टक्के नत्र आणि १८.८ टक्के कॅल्शियम असतं, आणि मॅग्नेशियम सल्फेट, ज्याला एप्सम सॉल्ट म्हणतात, त्यात साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम. दहा लिटरच्या बादलीत ६ ग्रॅम पहिलं आणि ४ ग्रॅम दुसरं टाकलं तर लिटरमागे कॅल्शियम ११० मिलिग्रॅमच्या पुढे आणि मॅग्नेशियम ४० च्या जवळ येतं. कोकोपीटमधल्या भाजीला सुरुवातीला एवढं पुरतं.

आणि नवीन कोकोपीट वापरण्याआधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, साध्या पाण्याने धुऊन घ्या. काथ्याचं पोट तिथेच भरतं. मग रोजच्या पाण्यात एवढं घालावं लागत नाही.

एकच पथ्य. दोन्ही एकाच बाटलीत दाट कालवून ठेवायचं नाही. कॅल्शियम आणि सल्फेट दाट द्रावणात भेटले की जिप्सम होऊन पांढरा गाळ तळाला बसतो, झाडाच्या हाती काही लागत नाही. स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताचंही तेच. बादलीभर पाण्यात आधी एक पूर्ण विरघळवा, मग दुसरं.

गच्चीवरची_मिरची

धुण्याचं पटलं, ते मी करत नव्हते असं नाही, नुसत्या पाण्याने करत होते. पण सुट्या क्षारांबद्दल माझी हरकत राहील. कॅल्शियम नायट्रेटची पिशवी एकदा फोडली की आपल्या हवेत ती आठवड्यात पाणी सुटून लगदा होते. जुलैत तर डबा उघडून बंद करेपर्यंत चिकट. मग ६ ग्रॅम म्हणून तुम्ही जे मोजता त्यात खत किती आणि दमट हवेचं पाणी किती? बाटलीतलं प्रमाण निदान पक्कं असतं. नोकरी करून संध्याकाळी अर्धा तास झाडांना देणाऱ्या बाईला त्या पक्केपणाची किंमत आहे, आणि ती मी आनंदाने मोजते.

माडबाग (मालवण)

रत्नागिरीवाल्या दादांनी जांभ्याचं सांगितलं ते ठीक. पण "कोकणाची जमीन" म्हटलं की सगळ्यांना सडाच, म्हणजे जांभ्याचं कातळी पठारच, का आठवतं? आमची आगरं, म्हणजे माडांच्या बागा, पुळणीत, समुद्राकाठच्या वाळूत आहेत. त्या वाळूत शिंपल्यांचा चुराच इतका की आम्लता कुठली? तिथे डोलोमाइट नाहीतर चुना टाकणं म्हणजे भरल्या घड्यावर पाणी. आमच्या माडांना कॅल्शियम मुबलक, कमी पडतं ते मॅग्नेशियम.

माडाकडे मान वर करून बघा. खालच्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या होत जातात, पातीच्या मधल्या शिरेजवळ हिरवा पट्टा उरतो, आणि उन्हात असलेली बाजू सावलीतल्या बाजूपेक्षा जास्त पिवळी दिसते. ही मॅग्नेशियमची खूण. त्यावर माडामागे वर्षाला ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आळ्यात देतात, पाऊस थोडा ओसरला की. ते सल्फेट आहे, आम्लतेला हात लावत नाही, वाळूत लगेच विरघळतं.

दुसरं असं की, लोक माडाला पालाश (पोटॅशियम) म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश ओंजळी भरभरून देतात. पालाश वाढलं की मुळं मॅग्नेशियम घेत नाहीत. मग झावळी पिवळी, मग परत खत. माझ्या मते पुळणीतल्या निम्म्या पिवळ्या माडांना वरून काही द्यायची गरज नाही, पालाशाचा हात आखडायची आहे.

आजोबा माडाक मीठ घालीत, तां चुकीचा नव्हता. मिठातलं क्लोरीन माडाला मानवतं, आणि मिठागरातलं जाडं मीठ ओलं राहतं ते त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. पण तेवढ्याने मॅग्नेशियमची भरपाई होत नाही, हेही खरं.

राख_आणि_शेणखत (दापोली)

एवढी रसायनं वाचून वाईट वाटलं. बाटली नको म्हणणारेही शेवटी पिशवीच दाखवतायत. आमच्या भागात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. पाला, कवळं (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), शेण पसरून जाळलं की त्या राखेत कॅल्शियम येतं, पालाश येतं, थोडं मॅग्नेशियम येतं, आणि माती भाजल्याने तणाचं बीही मरतं. हे ज्ञान आपल्याच भातखाचरात होतं. खाडीकाठी कालवांच्या आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या ढिगाने पडलेल्या असतात. त्या भाजून चुना करायचे, त्याने घरं बांधली गेली. तोच चुना झाडाला का नको? शेणखत, राख, शिंपल्या. गोण नाही, बाटली नाही. बाजाराच्या दारात न जाता बाग उभी राहते, आणि मला तीच बाग कोकणाची वाटते.

मातीचा_माणूस (कुडाळ)

कृषी शाखेचं शिक्षण दापोलीच्या विद्यापीठात झालं, आता पूर्णवेळ बागायती करतो. तिन्ही बाजूंशी माझा थोडा थोडा वाद आहे.

राखवाले काका, राख उत्तम आहे, पण ती शेणखताच्या ढिगात कालवू नका. राख आणि चुना अल्कधर्मी, त्यांनी शेणखतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. नाकाला झोंबणारा वास आला की समजा खत हवेत चाललंय. दोन्हींमध्ये दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. शिंपल्या म्हणाल तर त्या जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, मॅग्नेशियम नाहीच म्हणा. वर्षानुवर्षं फक्त शिंपल्यांचा चुना घातला तर आम्लता जाते पण मॅग्नेशियमची उणीव उघडी पडते. आणि नुसत्या फोडलेल्या शिंपल्या मातीत तशाच दिसत राहतात; पिठासारख्या दळल्या तरच उपयोग. भाजलेला चुना मात्र जपून, कोवळ्या मुळाला चटका देतो.

धागाकर्त्यांशी माझा मतभेद मोठा आहे. जांभा म्हणजे डोलोमाइट, हे समीकरण धोक्याचं आहे. सामू (मातीचा पीएच, जितका कमी तितकी माती आम्ल) साडेपाचाच्या खाली असेल तर डोलोमाइट द्या. सहाच्या वर असेल तर गरज नसताना दिलेलं डोलोमाइट जस्त, बोरॉन, मँगनीज, लोह अडकवून ठेवतं. मग आंब्याची नवती (नवी पालवी) बारीक पानांची येते आणि माणूस सूक्ष्मद्रव्यांच्या फवाऱ्यामागे लागतो. कॅल्शियम हवं पण सामू हलवायचा नाही, अशा जागी जिप्सम.

"मृद आरोग्य पत्रिका आहे माझ्याकडे" असं पुष्कळ जण सांगतात. २०१५ पासून मिळणाऱ्या त्या पत्रिकेत बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियमही नाही. म्हणजे ज्या दोन द्रव्यांवर आपण इथे भांडतोय त्यांचा आकडा हातातल्या पत्रिकेत नसतोच. सामूवरून अंदाज येतो, तेवढंच. प्रयोगशाळेत माती देताना विनिमयक्षम, म्हणजे मुळांना घेता येणारं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळं मागा. थोडे पैसे जास्त लागतात, पण एका हंगामाच्या बाटल्यांपेक्षा कमी.

सड्यावरची_बाग

सामूचा मुद्दा मान्य, तपासून घालावं. माझ्या आसपासच्या सड्यांवर तो साडेपाचाच्या खालीच सापडतो म्हणून मी ठामपणे लिहिलं. पुळणीबद्दल माडबाग यांचं बरोबर आहे, माझं म्हणणं जांभ्यापुरतं समजा.

हापूसवाला (देवगड)

भाज्या आणि माड झाले. आमचा प्रश्न साक्याचा. फळ कापलं की कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट. बाहेरून काही कळत नाही, आणि गिऱ्हाईक फोन करून ऐकवतं. विक्रेते दर मोसमात सांगतात, कॅल्शियमची फवारणी करा, साका जातो. मी करतो आणि करत राहणार. साक्याच्या गरात कॅल्शियम कमी आढळतं, हे अभ्यासातूनच पुढे आलेलं आहे. मग फवारणी वाया कशी म्हणायची?

मातीचा_माणूस

दादा, कमी आढळतं हे खरं. पण कमी पडल्यामुळे साका होतो की साका झालेल्या गरात कमी दिसतं, या दोन वेगळ्या गोष्टी. साक्यामागे उष्णतेचा हात मोठा आहे. तापलेल्या कातळावरून वर येणारी धग, फळ झाडावर फार पिकू देणं, काढल्यावर उन्हात पडू देणं. म्हणून झाडाखाली गवताचं आच्छादन करा, फळ पूर्ण पिकायच्या आधी, ८०–८५ टक्के पक्व असताना काढा आणि लगेच सावलीत न्या, असं सांगतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात १९८१ मध्ये दिली, तिच्यात साका नाही. बाग तीच, माती तीच, कॅल्शियमचं पाणी तेच, तरी साका नाही. ते जातीच्या अंगात आहे.

आणखी एक. पानावर मारलेलं कॅल्शियम पानातच राहतं, फळात उतरत नाही. फवारा फळाच्या सालीवर, फळ लहान असतानाच बसला तर थोडाफार आत जातो. फळ बोराएवढं झाल्यापासून नीट मारणार असाल तर मी नको म्हणणार नाही. तोडणीला पंधरा दिवस असताना आठवण झाली म्हणून मारणं, त्याने माझ्या मते काही साधत नाही.

हापूसवाला

रत्ना सांगू नका. रत्ना चांगला आंबा आहे, पण हापूसची पेटी मागणारा रत्ना घेत नाही. आच्छादन आम्ही करतो. कातळात खड्डा मारून लावलेली कलमं आहेत, तिथे गवत आणायचं म्हणजे मजूर, आणि मार्चमध्ये वणव्याची भीती वेगळी. फवारणीला एक माणूस आणि एक पंप पुरतो. परिणाम थोडा असला तरी शंभरातली चार फळं वाचली तर माझा खर्च निघतो. तुमच्या शेतीशास्त्रापुढे मला माझं बाजाराचं शास्त्रही बघावं लागतं.

गच्चीवरची_मिरची

एक गोष्ट सगळ्यांनी सोडली, हवा. कॅल्शियम मुळातून वर चढतं ते पाण्याबरोबर, आणि पाणी चढतं ते पान घाम टाकतं म्हणून. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा इतकी भिजलेली की पानाचा घाम सुटतच नाही. मातीत कॅल्शियम असूनही शेंड्यापर्यंत पोचत नाही, कोवळी पानं मुरडतात, कडा जळतात. तेव्हा कितीही कॅलमॅग ओता, पोचणार नाही. कुंड्या एकमेकींपासून लांब करा, दाट फांद्या काढा, वारा खेळू द्या. मी बाटलीच्या बाजूची आहे, तरी पावसाळ्यात मी ती बंद ठेवते.

उन्हाळ्यात उलट. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते बहुतेक वेळा पाणी कधी भरपूर, कधी ठणठणीत असं झाल्याने. सकाळी भरपेट पाणी घालून दुसऱ्या दिवशी विसरलं की फळाला कॅल्शियमचा पुरवठा मधेच तुटतो. आधी पाण्याची वेळ सांभाळा, मग बाटलीचा विचार करा.

माडबाग

ताईंनी पाण्याचा विषय काढला म्हणून विचारतो, तुमच्या गच्चीवर पाणी कुठलं? नळाचं की बोअरचं?

गच्चीवरची_मिरची

सोसायटीची बोअर. नळाचं आठवड्यातून कमीच.

माडबाग

मग किटलीच्या आत बघा. पाणी उकळून उकळून पांढरी खरपुडी बसलेली असेल, साबणाला फेस येत नसेल, तर त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आधीच आहे. पांढरा थर बसतो तो त्याच्याच कार्बोनेटचा. बाटलीचा आरओसाठी लिहिलेला डोस अशा पाण्यात घातला की कुंडीत क्षार साठतो, पानांच्या कडा जळतात. आमच्याकडे विहिरींचं वेगळंच. एप्रिल-मेमध्ये समुद्राकाठच्या विहिरींना मचूळ चव येते, ते सोडियम. टीडीएसच्या मीटरवर आकडा मोठा दिसतो, पण तो सगळ्या क्षारांचा मिळून असतो, त्यातलं कॅल्शियम किती हे मीटर सांगत नाही. जिभेला खारट आणि किटली स्वच्छ असेल तर कोकोपीटला ते पाणी घातकच. त्यावर कॅल्शियम नायट्रेट दिलं तर सोडियम सुटतं, पण ते धुऊन खालून बाहेर काढायला गोडं पाणी लागतंच.

गच्चीवरची_मिरची

किटलीत थर आहे, चांगला जाड. चमच्याने खरवडला तर पापुद्रा निघतो. म्हणजे माझा डोस निम्म्यावर आणायला हवा. पण मॅग्नेशियमचं काय? जुनी पानं शिरांमधे पिवळी पडतात, हे माझ्या मिरचीवर खरोखर दिसतं.

मातीचा_माणूस

थर बहुतेक कॅल्शियमचा असतो. अशा पाण्यावर वाढणाऱ्या कुंडीत मॅग्नेशियम मागे पडतं. तुम्हाला बाटलीतलं अर्धं नको आणि अर्धं हवं आहे, आणि बाटली दोन्ही एकत्रच देते. इथे सुटं मॅग्नेशियम सल्फेट घ्या, लिटरला ५ ग्रॅम, पानांच्या खालच्या बाजूने संध्याकाळी फवारा, दहा-बारा दिवसांनी परत. आधी एकाच कुंडीवर करून बघा. जुनं पिवळं पान फारसं सुधारणार नाही. त्याच्या वरचं पान हिरवं राहिलं की फरक पडला असं धरा. ते दमट हवेत कॅल्शियम नायट्रेटइतकं पाणी ओढत नाही, झाकणाच्या बरणीत नीट टिकतं.

राख_आणि_शेणखत

आणि कुंडीला दर महिन्याला मूठभर गांडूळखत. त्यातही मॅग्नेशियम असतं, हे कोणीतरी लिहायला हवं होतं म्हणून लिहितो.

सड्यावरची_बाग

गांडूळखताला माझा पाठिंबा. हापूसवाले दादा, तुम्हाला एक विनंती. या मोसमात फवारणी करताना एकाच वयाची, एकाच उताराची काही कलमं बिनफवारणीची ठेवा, बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढा, आणि त्यांची फळं वेगळ्या करंड्यात पिकवून कापा. आकडे इथे टाका. साका कमी निघाला तर मी माझं मत बदलेन.

हापूसवाला

ठेवतो. पण वरच्या सड्यावरची नाही, खालच्या वाडीतली ठेवीन. वर धग जास्त असते, तिथे फवारणी सोडायची माझी तयारी नाही.

मातीचा_माणूस

मग खालच्याच वाडीतली फवारलेली कलमं शेजारी धरा, वरच्यांशी तुलना करू नका. आणि तोडणी दोन्हींची एकाच दिवशी, एकाच वेळी, सकाळी करा.